वाचकांचे प्रश्न : आपला संघ खालच्या लीगमध्ये गेला, आता काय?

फुटबॉलविषयी २०२५ मध्ये या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी घेत आहे. तिन्ही कोल्हापुरातून आली आहेत आणि तिन्हींचा विषय एकच आहे : संघाचे खालच्या गटात जाणे. पहिल्या पत्राला बरेच मोठे उत्तर दिले आहे, कारण त्यातला प्रश्न शाळेत असताना मलाही पडला होता आणि तेव्हा त्याचे उत्तर देणारे कोणीतरी मला भेटले होते.

प्रश्न : स. न. वि. वि. मी शुक्रवार पेठेत राहतो. वय २५. शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत हिशेब विभागात नोकरी करतो. २०१६ च्या उन्हाळ्यात माझी दहावीची परीक्षा झाली होती आणि निकाल लागायचा होता. त्या सुट्टीत चुलतभावाच्या मोबाइलवर मी पहिल्यांदा इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे सामने पाहिले. गल्लीतले सगळे बार्सिलोना, रिआल माद्रिद नाहीतर मँचेस्टर युनायटेडचे होते. मला लेस्टर सिटी आवडला, कारण आमच्या गल्लीत त्याच्या बाजूने कोणीच नव्हते. २ मे रोजी टॉटनहॅम आणि चेल्सी यांचा सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि लेस्टर विजेता ठरला, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दोन वाजून गेले होते. घरात कोणाला न उठवता मी गच्चीवर जाऊन बसलो होतो. तेव्हापासून नऊ वर्षे हाच माझा संघ आहे.

या वर्षी २० एप्रिलला लिव्हरपूलकडून ०-१ अशी हार झाली आणि पाच सामने शिल्लक असतानाच आमचे खाली जाणे नक्की झाले. घरच्या मैदानावर लीगमधला तो सलग नववा पराभव होता आणि त्या नऊही सामन्यांत आमच्या संघाला एक गोल करता आला नाही. २०२३ मध्ये खाली, २०२४ मध्ये वर, २०२५ मध्ये पुन्हा खाली. आमचा आघाडीचा खेळाडू जेमी वार्डीही आता संघ सोडून गेला. तालमीच्या कट्ट्यावर मित्र मला ‘बी गट’ म्हणून हाक मारतात. ते मी सोसतो, पण त्या परक्या गावाचा आणि तुझा काय संबंध, असे वडील शांतपणे विचारतात, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नसते. मी संघ बदलावा का? बदलायचा नसेल, तर आशा नेमकी कशाची धरायची?

— एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. संघ बदलू नका. गच्चीवर एकट्याने काढलेली ती रात्र दुसऱ्या कोणत्याही संघाच्या नावावर करता येणार नाही, हे त्याचे कारण. नवा संघ जिंकेल तेव्हा तुम्हाला बरे वाटेल, पण लेस्टरचा निकाल पाहिल्याशिवाय झोपही येणार नाही, आणि मग दोन्हीकडचा आनंद अर्धाच हाती लागेल.

दुसऱ्या प्रश्नासाठी थोडे मागे जावे लागेल. तुम्ही या संघाच्या गोष्टीत विजेतेपदाच्या प्रकरणापासून शिरलात, त्यामुळे खाली जाणे म्हणजे गोष्ट संपणे, असे तुम्हाला वाटत आहे. त्याआधीची प्रकरणे पाहा. २००८ मध्ये लेस्टर इतिहासात प्रथमच इंग्लंडच्या तिसऱ्या पातळीवर, म्हणजे लीग वनमध्ये घसरला. पुढच्याच हंगामात ९६ गुण मिळवून तो त्या लीगचा विजेता झाला आणि दुसऱ्या पातळीवर, चॅम्पियनशिपमध्ये परतला. तिथे मात्र त्याला पाच हंगाम काढावे लागले. २०१३ च्या मे महिन्यात वॉटफर्डविरुद्धच्या प्ले-ऑफ (वर जाण्यासाठीच्या शेवटच्या लढती) उपांत्य सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी लेस्टरला पेनल्टी मिळाली. लेस्टरच्या अँथनी नोकार्टची किक गोलरक्षकाने अडवली, परत आलेल्या चेंडूवर त्याने मारलेला फटकाही अडवला, आणि तोच चेंडू काही सेकंदांत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचून वॉटफर्डच्या ट्रॉय डीनीने गोल केला. असा पराभव वर्षानुवर्षे अंगात राहतो. पण पुढच्या हंगामात हाच संघ १०२ गुणांसह चॅम्पियनशिप जिंकून वर गेला.

आता तुम्हाला तोंडपाठ असलेली विजेत्या संघातली नावे आठवा आणि प्रत्येकजण कधी आला ते पाहा. गोलरक्षक कॅस्पर श्मायकल २०११ मध्ये आला. कर्णधार वेस मॉर्गन, मधल्या फळीतला डॅनी ड्रिंकवॉटर आणि तुमचा वार्डी हे तिघेही २०१२ मध्ये आले. त्यांपैकी वार्डीला फ्लीटवुड टाउनकडून घेतले, तेव्हा तो इंग्लंडच्या पाचव्या पातळीवर खेळत होता आणि त्याची किंमत १० लाख पौंड होती. रियाद महरेज जानेवारी २०१४ मध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या पातळीवरील एका संघाकडून आला. हे पाचही जण आले तेव्हा लेस्टर चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे २०२५ मध्ये घसरून आला त्याच पायरीवर होता. एन्गोलो कान्टे मात्र २०१५ मध्ये, संघ वर असताना आला, हेही सांगायला हवे. परंतु ज्या संघासाठी तुम्ही गच्चीवर बसला होता, त्याचा कणा खालच्या लीगमध्ये, फारसे कोणी पाहत नसताना तयार झाला होता. माझ्या मते तुमच्या आशेला धरता येईल असा सर्वांत भक्कम आधार हाच आहे, कारण हे झालेले आहे आणि तुमच्याच संघाच्या बाबतीत झालेले आहे.

म्हणून ‘पुढच्या वर्षी परत वर’ एवढ्यावर आशा बांधू नका, असे मी आग्रहाने सांगेन. २०२३ मध्ये खाली गेल्यावर प्रशिक्षक एन्झो मारेस्का यांच्या हाताखाली लेस्टरने ९७ गुण मिळवून एका वर्षात चॅम्पियनशिप जिंकली. पण वर पोहोचताच मारेस्का चेल्सीला गेले आणि पाठोपाठ कीर्नन ड्युजबरी-हॉल हा मधल्या फळीचा आधारही तिकडेच गेला. नवे प्रशिक्षक स्टीव्ह कूपर नोव्हेंबरपर्यंतच टिकले, त्यांच्या जागी रूड व्हान निस्टलरॉय आले, आणि हंगाम संपला तेव्हा संघ २५ गुणांसह वीस संघांत अठराव्या, म्हणजे खाली जाणाऱ्या शेवटच्या तिघांत होता. घाईने वर आलेला संघ वर टिकतोच असे नाही. कुस्तीच्या गावातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. खासबागेत चितपट झालेला मल्ल दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत परततो, तेव्हा त्याचे वस्ताद त्याला पुढच्या कुस्तीची तारीख सांगत नाहीत, आधी जोर-बैठका काढायला लावतात.

आता प्रत्यक्ष काय पाहायचे ते सांगतो. चॅम्पियनशिपमध्ये २४ संघ असतात आणि प्रत्येकाला ४६ सामने खेळावे लागतात, म्हणजे प्रीमियर लीगपेक्षा आठ अधिक. पहिले दोन संघ थेट वर जातात. २०२५-२६ पर्यंतच्या पद्धतीत तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या संघांत प्ले-ऑफ होत असे; तिचा अंतिम सामना लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर रंगतो. त्यामुळे फेब्रुवारीत दहाव्या क्रमांकावर असलेल्या संघालाही प्ले-ऑफचे स्थान खुणावत असते आणि एप्रिलपर्यंत सामन्यांतली चुरस टिकते. तुमच्या संघाला आता कित्येक सामन्यांत चेंडू स्वतःकडे ठेवून पुढे चढून खेळावे लागेल, कारण समोरचे संघ बचाव करतील. नऊ सामने घरच्या मैदानावर एकही गोल न पाहिलेल्या समर्थकाला सर्वांत आधी गोल हवा असतो, आणि तो पाहण्याची संधी इथे अधिक आहे. प्रत्येक सामना आपल्याकडे दिसेलच असे नाही, पण शनिवारचे नेहमीचे सामने भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला सुरू होतात. फाउंड्रीतून घरी येऊन, जेवून पाहता येईल अशी ही वेळ आहे.

मुलांकडे विशेष लक्ष ठेवा. एप्रिलमध्ये न्यूकॅसलविरुद्ध जेरेमी मोंगा हा अवघा १५ वर्षांचा मुलगा बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला. संघाचा प्रायोजक सट्ट्याच्या व्यवसायातला असल्याने एवढ्या लहान मुलाच्या जर्सीवर त्याचे नाव घालता येत नव्हते, म्हणून तो कोऱ्या जर्सीत खेळला. तो सामना लेस्टर ०-३ असा हरला. पण खाली गेलेल्या संघातून महागडे खेळाडू निघून जातात, तेव्हा अशाच मुलांसाठी जागा रिकामी होते. आज ज्याचे नाव तुमच्या कट्ट्यावर कोणाला ठाऊक नाही, त्याचा पहिला गोल तुम्ही पाहिलेला असेल.

पैशाचीही एक बाजू आहे. प्रीमियर लीगमधून खाली येणाऱ्या संघांना काही वर्षे प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला हिस्सा मिळत राहतो, ज्याला तिकडे ‘पॅराशूट पेमेंट’ म्हणतात. वरच्या लीगमधल्या संघांना जो समान वाटा मिळतो, त्याच्या ५५ टक्के पहिल्या वर्षी, ४५ टक्के दुसऱ्या वर्षी आणि २० टक्के तिसऱ्या वर्षी, असे त्याचे प्रमाण आहे. जो संघ वर एकच हंगाम राहून परत खाली येतो, त्याला मात्र ही मदत दोनच वर्षे मिळते. लेस्टरचे तसेच झाले आहे. या आधारामुळे संघ एकदम मोडून पडत नाही. पण तो आधार संपण्याआधी खर्च आवरला नाही, तर अडचण वाढते.

म्हणून वाईट शक्यताही तुमच्यापासून लपवत नाही. ल्युटन टाउन २०२३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोहोचला, २०२४ मध्ये खाली आला आणि २०२५ मध्ये त्याहूनही खाली, तिसऱ्या पातळीवर गेला. लेस्टरच्या बाबतीत असे होणार नाही, याची हमी मी देऊ शकत नाही. पण याच ल्युटनवर २००८-०९ च्या हंगामात ३० गुण कापले जाण्याची वेळ आली होती, तो मुख्य लीगच्या चारही पातळ्यांच्या बाहेर फेकला गेला होता, आणि तिथून पाचव्या पातळीवरून चढत तो १४ वर्षांनी सर्वांत वर आला होता. संडरलंडही २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन वर्षे घसरला आणि चार हंगाम तिसऱ्या पातळीवर अडकला. या वर्षी २४ मे रोजी वेम्बलीवर त्याने शेफील्ड युनायटेडला २-१ असे हरवून प्रीमियर लीगमध्ये पुनरागमन केले, आणि भरपाई वेळेतला विजयी गोल टॉम वॉटसन या संडरलंडच्याच अकादमीत वाढलेल्या १९ वर्षांच्या मुलाने केला. तिकडे जर्मनीत हॅम्बुर्ग २०१८ मध्ये प्रथमच बुंडेसलिगा या तिथल्या सर्वांत वरच्या लीगमधून खाली गेला होता. परत यायला त्याला सात वर्षे लागली आणि तोही याच मे महिन्यात आला. सात वर्षांत दोनदा तो अगदी शेवटच्या पात्रता लढतीत हरला होता.

आता माझी आठवण. मी सातवीत असताना आमच्या पेठेचा संघ शहराच्या लीगमधून खालच्या गटात गेला. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर मोठी माणसे तोंड फिरवून बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. पुढच्या वर्षी आमच्या सामन्यांना गर्दी होईना. मीही जाणार नव्हतो, पण माझे मामा मला भर उन्हात, भुईमुगाच्या शेंगांची पुडी घेऊन, घेऊन गेले. स्टेडियम बरेचसे रिकामे होते. वरच्या गटात असताना गर्दीतून मला फक्त खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे दिसत. त्या वर्षी त्यांचे आवाज ऐकू आले. गोलरक्षक बचावफळीला कधी पुढे सरकायला सांगतो, मधला खेळाडू चेंडू येण्याआधी मान वळवून कोणाला शोधतो, हे मी त्या रिकाम्या स्टेडियममध्ये शिकलो. संघ वर यायला तीन वर्षे लागली, पण फुटबॉल मला त्या तीन वर्षांतच कळला. संघ कशाला बघायचा, तो तर हरलेला आहे, असे मी मामांना विचारले होते. ते म्हणाले, ‘पोरं तीच हायत की, त्यांनी कुठं जायाचं?’

वडिलांच्या प्रश्नाविषयी एवढेच सुचवतो. त्यांच्या तरुणपणी ते कोणत्या तालमीच्या फुटबॉल संघासाठी ओरडत असत आणि तो संघ हरल्यावर त्या रात्री घरात काय होत असे, हे त्यांना एकदा निवांत विचारा. या शहरात विश्वचषक आला की चौकाचौकांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, खेळाडूंची चित्रे भिंतींवर रंगतात, आणि परक्या देशाच्या पराभवानंतर दोन-दोन दिवस माणसे कमी बोलतात. तुमच्या वडिलांनी हे सर्व पाहिलेले आहे. तुमच्या दुःखाचे नाव त्यांना ठाऊक आहे, फक्त लेस्टर हे गाव त्यांच्या ओळखीचे नाही. १८ मे रोजी वार्डीने आपल्या पाचशेव्या आणि शेवटच्या सामन्यात लेस्टरसाठी दोनशेवा गोल केला, तो त्यांना दाखवा. संघ तेव्हा खाली गेलेलाच होता आणि स्टेडियममधले लोक उभे होते.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ १७ वर्षांचा आहे आणि आमच्या पेठेच्या संघाच्या लहान गटात खेळतो. आमचा मुख्य संघ खालच्या गटात गेला आहे. दुसऱ्या एका तालमीच्या संघाने त्याला बोलावले आहे आणि त्याची जाण्याची इच्छा आहे. पेठेतले काही जण त्याच्याशी बोलेनासे झाले आहेत, आईला तर दुकानातही टोमणे ऐकावे लागतात. संघ पडला असताना त्याने जाणे चुकीचे आहे का?

— एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, वरच्या पत्राला मी राहा असे सांगितले आणि तुमच्या भावाला मात्र तसे सांगणार नाही, कारण समर्थक आणि खेळाडू यांची गोष्ट वेगळी आहे. समर्थकाला आयुष्यभराचा वेळ असतो. खेळाडूला पंधरा-सोळा वर्षे मिळतात आणि १७ ते २१ या वयात त्याला सर्वांत जास्त गरज असते ती प्रत्यक्ष मैदानावर खेळण्याची. त्याने दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारावा : मला सामने किती मिळतील? नव्या संघात नाव मोठे असेल, पण बाहेरून आणलेल्या खेळाडूंमागे त्याला वर्षभर बाकावर बसावे लागणार असेल, तर खाली गेलेल्या आपल्याच संघात दर सामन्याला उतरणे त्याच्या अधिक फायद्याचे ठरेल. तसे नसेल तर त्याने मोकळ्या मनाने जावे.

२००६ मध्ये युव्हेंटस या इटलीच्या संघाला गैरव्यवहाराच्या प्रकरणात शिक्षा म्हणून दुसऱ्या पातळीवर पाठवले, तेव्हा कन्नावारो आणि इब्राहिमोविच गेले, तर बुफॉन, देल पिएरो आणि नेदवेद राहिले. विश्वविजेता गोलरक्षक बुफॉन पुढचे वर्षभर छोट्या गावांच्या मैदानांवर खेळला आणि संघ गुण कापलेले असतानाही एका हंगामात वर आला. राहिलेल्यांचे कौतुक व्हावेच, पण गेलेल्यांचा तो व्यवसाय होता. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव लहानपणीच शहर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला नसता, तर २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून तो दिसला असता का, याचा विचार पेठेतल्या मंडळींनी करावा. भावाने जाण्याआधी संघाच्या जुन्या माणसांना घरी जाऊन भेटावे, पाया पडावे आणि स्वतःच्या तोंडाने सांगावे. लोकांना राग येतो तो बहुधा गोष्ट दुसऱ्याकडून कळल्यामुळे. आणि आईंना टोमणे मारणाऱ्यांचे वागणे चुकीचे आहे, हे मी इथे स्पष्टपणे लिहितो.

प्रश्न : आपल्या देशातील इंडियन सुपर लीगमध्ये २०२४-२५ पर्यंत संघ खाली जाण्याची पद्धत नव्हती. समर्थकांचे एवढे मन मोडत असेल, तर हीच व्यवस्था चांगली नव्हे काय?

— एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी

उत्तर : गुरुजी, आपला प्रश्न मनाला पटण्यासारखा आहे, तरी माझे मत वेगळे आहे. ही लीग २०१४ मध्ये सुरू झाली आणि २०२४-२५ च्या हंगामापर्यंत निकालांमुळे कोणत्याही संघाला तीतून खाली जावे लागले नव्हते. २०२४-२५ मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग शेवटच्या क्रमांकावर राहूनही आपल्या जागी राहिला. पण हाच संघ २०२४ मध्ये सुपर लीगखालची आय-लीग जिंकून वर आला, तेव्हा कोलकात्यात जो आनंद झाला, तो खालून चढून आल्याचा होता. त्याआधी अनेक वर्षे तो दुसऱ्या पातळीवर होता. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला गोव्याचा डेम्पो २०१५ मध्ये आय-लीगमधून खाली गेला होता, आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा त्या लीगमध्ये खेळताना दिसला.

घसरणीची भीती नसली म्हणजे संघ सुरक्षित राहतो, असेही नाही. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता होता. २०१० मध्ये तो बंद करण्यात आला. तो खालच्या गटात गेला नव्हता. त्याचे समर्थक त्यानंतर कोणत्याही लीगच्या गुणतक्त्यात, अगदी तळाशीही, आपल्या संघाचे नाव शोधू शकलेले नाहीत.